साक्ष पिसवेची

‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या गावांत पुरेसे असत. पुढचे कुणी सांगावे लागत नसे. आढ्यावरून, कणगीमागून, भिंतीच्या बिळातून उंदीर दिवसाउजेडी बाहेर येत, झिंगल्यासारखे चालत आणि माणसांच्या देखत मरून पडत. मग लोक भांडीकुंडी बांधत आणि गावाबाहेर माळावर तट्ट्यांच्या झोपड्या घालून राहत. हिमालयातल्या कुमाऊँ-गढवाल भागातही एकोणिसाव्या शतकात हीच रीत होती. घरात उंदीर मरू लागले, की गाव रिकामे करायचे.

म्हणजे प्लेगचा आणि उंदराचा काहीतरी संबंध आहे, हे सामान्य माणसाला ठाऊक होते. १८९४ मध्ये प्लेगचा जंतूही सापडला. तरीही हा रोग उंदरापासून माणसापर्यंत नेमका कशाने पोचतो, हे शास्त्राने मान्य करायला आणखी बारा वर्षे लागली. त्या काळात हिंदुस्थानात लाखो माणसे मेली. विशेष म्हणजे शेवटी खरे ठरलेले उत्तर १८९८ मध्येच एका माणसाने प्रयोगासह मांडले होते. ते वाचले गेले, तपासले गेले आणि बाजूला ठेवले गेले.

विज्ञानाची पद्धत शिकवताना शाळेच्या पुस्तकात एक सरळ रांग असते : निरीक्षण, तर्क, प्रयोग, निष्कर्ष. ही रांग खोटी नाही. पण तिच्यातल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये किती मोठी दरी असू शकते, आणि ती दरी ओलांडायला काय काय लागते, हे त्या रांगेतून कळत नाही. प्लेगच्या प्रसाराच्या शोधात ते कळते. या शोधाचा मोठा भाग आपल्या मुंबईत, मांडवी ते परळ एवढ्या टापूत घडला, हे आणखी एक कारण ही हकिगत पुन्हा सांगण्याचे.

पाहिले, पण विचारले नाही

आधी थोडे मागे जाऊ. १६१८-१९च्या सुमारास आग्र्यात प्लेगची साथ होती. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात आसफखानाच्या मुलीच्या तोंडची एक घटना नोंदवली आहे. तिच्या घराच्या अंगणात एक उंदीर दारू प्याल्यासारखा पडत-उठत आला. एका दासीने त्याला शेपटीला धरून मांजरापुढे टाकले. मांजराने झडप घातली, पण लगेच किळस आल्यासारखे त्याला सोडून दिले. पुढे ते मांजर आजारी पडले. मग दासी आजारी पडली, तिच्या अंगावर गाठ उठली आणि ती मेली. आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसे गेली.

या नोंदीत उंदीर आहे, त्याला हाताळणारी माणसे आहेत, मधले दिवस आहेत, मृतांची संख्याही आहे. जहांगीर हा निसर्गाकडे बारकाईने पाहणारा राजा होता. नोंदीत नाही तो फक्त एक प्रश्न : उंदरातून दासीत गेले ते काय, आणि कोणत्या वाटेने? मांजराने उंदीर तोंडात धरला म्हणून? दासीने त्याची शेपटी धरली म्हणून? की ती नुसती त्याच्या जवळ होती म्हणून? या तीन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढता येतील, अशी कल्पना आल्याशिवाय पाहिलेल्या गोष्टीचे पुढे काही होत नाही. ती नोंद पावणेतीनशे वर्षे तशीच राहिली. उत्तम निरीक्षण विज्ञानाच्या दारापर्यंत नेते. आत जाण्यासाठी विशिष्ट आकाराचा प्रश्न लागतो.

माणूस हाच संशयित

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागातल्या एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचे ओळखले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. काही आठवड्यांत साथ शहरभर पसरली आणि लोक मुंबई सोडू लागले.

जंतू कोणता, हे तोवर माहीत झाले होते. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सें यांनी तो शोधला होता, त्याच सुमारास जपानचे कितासातो यांनीही शोधल्याचे सांगितले होते. मेलेल्या उंदरांतही तोच जंतू येर्सें यांना आढळला होता. पण जंतू कळला म्हणजे त्याची वाट कळली असे होत नाही. रिकाम्या जागी जुन्या समजुती बसल्या. प्लेग हा घाणीचा, कोंदट हवेचा, ओल्या जमिनीचा रोग. जंतू जमिनीत आणि भिंतीत मुरतो. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून शिरतो. रुग्णाच्या स्पर्शातून, कपड्यांतून, श्वासातून जातो. यांतली प्रत्येक समजूत त्या वेळच्या माहितीला धरून होती. बहुतेक रुग्णांच्या जांघेत गाठ येई, म्हणजे विष पायातून शिरत असणार, हा तर्क काही वेडगळ नव्हता.

त्या तर्काप्रमाणे उपाय झाले. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली. घरांच्या जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला, छपरांची कौले उतरवून आत ऊन पाडले, सामान जाळले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारला माणसे तपासण्याचा, हलवण्याचा, वेगळी ठेवण्याचा अधिकार मिळाला. रेल्वेच्या फलाटांवर प्रवाशांच्या काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. पुण्यात सोजिरांनी घरे झडत्यांनी उलथीपालथी केली. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या.

हा इतिहास आपण जुलूम आणि प्रतिकार असा वाचतो, आणि तो तसा आहेच. पण त्याच्या तळाशी एक न तपासलेले गृहीतकही होते : प्लेग माणसातून माणसात जातो, म्हणून माणसाचे शरीर हेच शोधण्याचे ठिकाण. ते गृहीतक कुणीच तपासून पाहिले नव्हते. त्याच्यावर कायदा मात्र उभा होता. पुढे सरकारने हात आखडता घेतला, तो लोकांच्या संतापामुळे. गृहीतकाची परीक्षा व्हायची अजून बाकी होती.

एक गोष्ट मात्र नोंदली पाहिजे. रोगाची वाट न कळताही त्याच्याविरुद्ध काही करता येते. वाल्डेमार हाफकिन १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांचा प्रश्न ‘शरीराला आधीच सावध कसे करायचे’ हा होता. ‘रोग येतो कुठून’ हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांसाठी सोडला होता.

एका बारीक फोडाची गोष्ट

तो प्रश्न घेतला पॉल-लुई सिमों या फ्रेंच लष्करी डॉक्टराने. १८५८ मध्ये जन्मलेल्या सिमोंनी चीनच्या दक्षिण सीमेवर प्लेग आधी पाहिला होता. १८९७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेने येर्सें यांच्या जागी त्यांना हिंदुस्थानात पाठवले. काम होते येर्सें यांच्या प्लेगविरोधी रक्तरसाची परीक्षा करण्याचे. मुंबईत आणि कच्छच्या मांडवीत रुग्णांना तो टोचता टोचता त्यांचे लक्ष दोन गोष्टींकडे गेले. रूढ समजुतीत या दोन्ही बसत नव्हत्या.

पहिली उंदरांची. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले, तेव्हा जमिनीवर पुष्कळ उंदीर मरून पडले होते. ते उचलून जागा साफ करायला वीस जणांना सांगण्यात आले. तीन दिवसांत त्या विसांपैकी दहा जणांना प्लेग झाला. कारखान्यातल्या इतर कुणाला झाला नाही. हवा सगळ्यांची एक, जमीन एक. फरक फक्त उंदरांशी आलेल्या संबंधाचा. त्यातही आणखी एक बारकावा होता : नुकता मेलेला उंदीर धोक्याचा असे, मरून बराच वेळ झालेला उंदीर हाताळणाऱ्याला सहसा काही होत नसे. जंतू तर दोन्ही प्रेतांत होते. मग थंड पडलेल्या उंदरातून काय निघून गेले होते?

दुसरी गोष्ट रुग्णांच्या अंगावरची. काहींच्या कातडीवर, बहुधा पायाकडे, रोगाच्या सुरुवातीलाच टाचणीच्या डोक्याएवढा किंवा थोडा मोठा पाणीदार फोड दिसे. त्यातल्या पाण्यात प्लेगचे जंतू सापडत. गाठ उठे ती त्या फोडाच्या जवळच्या सांध्यात. इतरांनीही हे फोड पाहिले असतील. रोगाचे एक किरकोळ लक्षण म्हणून त्यांची नोंद होई. सिमोंनी त्याला प्रवेशाची जागा मानले. एवढ्या बारीक जागेतून शिरणारे जंतू जखमेतून आले नसावेत, डंखातून आले असावेत.

आता दोन्ही गोष्टी एका धाग्यात आल्या. उंदीर जिवंत असेपर्यंत पिसवा त्याच्या अंगावर असतात. तो मेला, थंड पडू लागला, की ऊब शोधत त्या बाहेर पडतात. काही तासांनंतरचे प्रेत निरुपद्रवी असते, कारण पिसवा केव्हाच निघून गेलेल्या असतात.

तर्क देखणा होता. तो एकट्या सिमोंचाही नव्हता. तैवानमध्ये जपानी शास्त्रज्ञ ओगाता यांनी १८९७ मध्ये आजारी उंदरांवरच्या पिसवा चिरडून तो रस उंदरांना टोचला होता, आणि त्यातला एक मेला होता. पण यातून सिद्ध झाले ते एवढेच, की पिसवेच्या पोटात जंतू असतात. चिठ्ठी खिशात असणे आणि ती दुसऱ्याच्या हाती देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पिसू ती चिठ्ठी पोचवते का, हे पाहायचे तर चिरडलेली पिसू उपयोगाची नाही. जिवंत पिसवेला तिचे काम करू दिले पाहिजे, आणि त्याच वेळी बाकीच्या सगळ्या वाटा बंद केल्या पाहिजेत.

सिमोंनी हे कराचीत, आपण उतरलेल्या हॉटेलात केले. मोठ्या काचेच्या बरणीच्या तळाशी वाळू घातली. प्लेगच्या रुग्णाच्या घरातून पकडलेला आजारी उंदीर तीत ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून एका मांजराच्या अंगावरच्या आणखी काही सोडल्या. उंदीर मरणाच्या दारी आला, तेव्हा लोखंडी जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा बरणीत वर टांगला. तो तळाला लागत नव्हता, भिंतींना लागत नव्हता, आजारी उंदराला शिवत नव्हता. आजारी उंदीर मेल्यावरही प्रेत काही काळ तसेच ठेवले. पाचव्या दिवशी वरच्या उंदराची हालचाल मंदावली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मेला. चिरून पाहिले, तर गाठी होत्या आणि त्यांत जंतू होते. याच्या जोडीला उलटा प्रयोगही केला : पिसवा नसलेल्या आजारी उंदराबरोबर निरोगी उंदीर ठेवले. ते जगले.

सिमोंनी २ जून १८९८ ही तारीख आयुष्यभर लक्षात ठेवली. माणसाला युगानुयुगे छळणाऱ्या एका रहस्याची उकल आपल्या हातून झाली, असे त्या दिवशी त्यांना वाटले. त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला.

साक्षीदारांचा आयोग

शाळेच्या पुस्तकातली रांग इथे संपते. निरीक्षण झाले, तर्क झाला, प्रयोग झाला, निष्कर्ष छापला. यानंतर जगाने तो मान्य करायला हवा होता.

१८९८ मध्येच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानासाठी प्लेग आयोग नेमला. अध्यक्ष एडिंबरोचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर. सदस्यांत आल्मरॉथ राइट आणि मार्क आर्मान रुफर यांच्यासारखे जंतुशास्त्रातले नामवंत. आयोग देशभर फिरला. डॉक्टर, अधिकारी, संशोधक यांच्या साक्षी घेतल्या, उलटतपासण्या केल्या, जाडजूड खंड छापले. सिमोंचा निबंध त्यांच्यापुढे होता. प्रयोग थोडे आहेत, पुरावा पुरेसा नाही, आणि रक्त शोषणाऱ्या कीटकांचा प्लेगच्या प्रसाराशी विचारात घेण्याजोगा संबंध दिसत नाही, असे आयोगाचे मत पडले. कातडीवरच्या ओरखड्या-भेगांतून जंतू शिरतात, या समजुतीकडे त्याचा कल राहिला.

इथे आयोगाला मूर्ख ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. सिमोंचे प्रयोग खरोखरच मोजके होते. इतरांनी ते करून पाहिले, तर काहींना तेच फळ मिळेना. स्वित्झर्लंडमधले गाल्ली-व्हालेरिओ यांनी आक्षेप घेतला, की उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही. त्यांनी उंदरांच्या पिसवा स्वतःच्या अंगावर सोडून ते पाहिले होते. चावत नसेल, तर सगळा तर्कच कोसळतो. हा आक्षेप प्रामाणिक होता, प्रयोगावर आधारलेला होता. त्याचे उत्तर सिमोंपाशी नव्हते.

आयोगाची उणीव त्याच्या अविश्वासात नव्हती. अविश्वास तर विज्ञानाचे अन्न आहे. उणीव होती ती त्याने वापरलेल्या रीतीत. प्लेग कसा पसरतो हे त्याने माणसांना विचारले. जसे न्यायालय विचारते. शंभर साक्षीदार स्पर्शाने म्हणतात, दहा हवेने म्हणतात, एक पिसवेने म्हणतो. साक्षी कितीही तोलल्या, तरी ज्याने कुणीच काही पाहिलेले नाही त्याबद्दलची शंभर मते एकत्र केल्याने ज्ञान होत नाही. आणि ‘पुरावा अपुरा आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात : ‘म्हणून विषय बंद’, किंवा ‘म्हणून आणखी पुरावा मिळवू’. आयोगाने पहिला अर्थ घेतला. त्या दोन अर्थांमधले अंतर पुढे सात वर्षांचे भरले.

सिमों सायगावला गेले, तिथून पुढे ब्राझीलला पीतज्वराच्या कामावर. कल्पना मात्र जिवंत राहिली, कारण ती छापलेली होती आणि प्रयोगाची कृतीही छापलेली होती. मार्सेयमध्ये गोतिए आणि रेबो यांनी १९०२-०३च्या सुमारास तो प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना तो साधला. सिडनीत १९००च्या साथीत ॲशबर्टन टॉमसन यांना मेलेले उंदीर आणि माणसांतले रुग्ण यांची सांगड तशीच जुळताना दिसली. शोध लावणारा निघून गेल्यावरही शोध पुढे चालतो, तो यामुळे. सिमोंवर कुणी विश्वास ठेवावा लागत नव्हता. बरणी, वाळू, जाळी आणि उंदीर कुणालाही मिळण्यासारखे होते.

चाळीतल्या तीस पिसवा

गाल्ली-व्हालेरिओंच्या आक्षेपाचे उत्तर भलत्याच दिशेने आले. पिसवा गोळा करण्याचा नाद असलेले इंग्लंडचे चार्ल्स रोथशिल्ड यांनी १९०३ मध्ये सुदानातून आणलेल्या एका पिसवेचे वर्णन केले आणि पिरॅमिडवाल्या खुफूच्या ग्रीक नावावरून तिला ‘किऑपिस’ हे नाव दिले. उंदरावरची पिसू ही एकच जात नसते, हे या वर्गीकरणातून स्पष्ट झाले. युरोपातल्या उंदरांवर ज्या पिसवा सामान्यतः सापडत त्या वेगळ्या. उष्ण देशांतल्या उंदरांवर असते ती किऑपिस, आणि ती भूक लागली की माणसालाही चावते. दोन्ही बाजूंचे प्रयोग आपापल्या जागी खरे होते. ‘उंदराची पिसू’ या एका शब्दाखाली दोन वेगळे प्राणी दडले होते. प्लेगचा विचारही मनात नसलेल्या एका कीटक-संग्राहकाने ही कोंडी फोडली.

मुंबईत हे काम पुढे नेले ग्लेन लिस्टन या तरुण लष्करी डॉक्टरांनी. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली होती; लिस्टन तिथे होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ मध्ये छापलेल्या त्यांच्या व्याख्यानात मुंबईतल्या एका मोठ्या चाळीची हकिगत आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे उंदीर मरू लागले, मग एकाएकी मरायचे थांबले. लगेच माणसांना पिसवांचा असा त्रास सुरू झाला, की लोक खोल्या सोडून गॅलरीत झोपू लागले. १७ तारखेला त्यांच्यातल्या एकाला प्लेग झाला. २० तारखेला त्या लोकांच्या अंगावरून पकडलेल्या तीस पिसवा लिस्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चौदा उंदराच्या निघाल्या.

तिसात चौदा हा आकडा एकटा काही सांगत नाही. म्हणून लिस्टन यांच्याजवळ दुसरा आकडा होता. एरवी, प्लेग नसताना, माणसांच्या अंगावरून पकडलेल्या २४६ पिसवांमध्ये उंदराची पिसू एकच सापडली होती. या दोन आकड्यांना शेजारी ठेवले, की चाळीत काय घडले ते दिसते. उंदीर संपले, पिसवा उपाशी राहिल्या, आणि त्यांनी नवे घर धरले.

एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या चाळीतल्या लोकांनी उंदीर केव्हा मरू लागले, केव्हा थांबले, पिसवा केव्हा वाढल्या हे दिवसांसकट सांगितले, म्हणून हा पुरावा उभा राहिला. साक्ष इथेही होतीच. फरक असा, की लिस्टन यांनी त्यांना मत विचारले नाही. तारखा विचारल्या आणि पिसवा मागितल्या.

परळच्या सहा खोल्या

१९०५ मध्ये प्लेगचा दुसरा आयोग काम करू लागला. त्याच्या मागे इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर संस्था होती. लिस्टर संस्थेचे संचालक चार्ल्स मार्टिन स्वतः आले. लॅम, पेट्री, रोलंड यांच्याबरोबर मुंबईचे लिस्टनही सदस्य होते. या आयोगाने साक्षीदारांना बोलावले नाही. त्याने परळला सहा छोट्या खोल्या बांधल्या.

आतून सगळ्या खोल्या सारख्या. फरक छपरांचा. दोहोंवर साधी देशी कौले, ज्यांच्या खाली मुंबईतले उंदीर खुशाल राहतात. दोहोंवर चपटी मंगलोरी कौले, जिथे त्यांना जागा थोडी. दोहोंवर पन्हाळी पत्रे, जिथे त्यांना थाराच नाही. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर आत उतरणार नाही, पण कचरा आणि पिसवा खाली पडू शकतील. आत गिनीपिग सोडले, काही निरोगी, काही प्लेगची लागण केलेले. खोल्या मुद्दाम झाडल्या नाहीत. मलमूत्र, सांडलेले अन्न, सगळे तसेच. स्पर्शाने, घाणीने किंवा अन्नातून रोग पसरत असेल, तर तो सगळीकडे पसरायला हवा.

तो सगळीकडे पसरला नाही. जिथे पिसवा नव्हत्या, तिथे आजारी आणि निरोगी प्राणी एकाच घाणीत राहिले आणि निरोगी निरोगीच राहिले. प्लेग झालेल्या माद्यांचे दूध पिणारी पिल्लेही वाचली. जिथे पिसवा होत्या तिथे साथ आली, आणि जितक्या पिसवा अधिक तितकी ती जोराने आली.

मग हवेचा प्रश्न. लागण झालेल्या खोलीत काही गिनीपिग मोकळे सोडले, काही पिंजऱ्यात जमिनीपासून दोन इंचांवर ठेवले, काही दोन फुटांवर टांगले. हवा तिघांची एकच. मोकळ्यांना आणि दोन इंचांवरच्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही. पिसवेची उडी चार इंचांच्या आसपास असते, हे आधी मोजून ठेवले होते. रोगाची उंची आणि पिसवेची उडी यांचा मेळ बसला.

प्रयोगशाळा म्हणजे शहर नव्हे, हा आक्षेप त्यांनी कुणी घेण्याआधी स्वतःच घेतला. प्लेग झालेल्या खऱ्या घरांत प्राण्यांचे दोन-दोन पिंजरे ठेवले. एकाभोवती चिकट कागदाचा पट्टा, पिसवेच्या उडीपेक्षा रुंद. दुसऱ्याभोवती वाळूचा पट्टा. चिकट कागदाच्या आतले प्राणी वाचत, दुसरे मरत, आणि कागदावर पिसवा चिकटलेल्या मिळत.

शेवटी जमिनीचा प्रश्न, ज्यासाठी आठ वर्षांपूर्वी घरे खणली गेली होती. शेणाने सारवलेल्या आणि चुन्याच्या जमिनींवर प्लेगच्या जंतूंचे भरपूर पाणी ओतले आणि ठरावीक वेळाने त्यांवर गिनीपिग सोडले. चुन्याची जमीन २४ तासांनंतर आणि शेणाची ४८ तासांनंतर निरुपद्रवी ठरली. जंतू जमिनीत मुरून बसतो ही समजूत एका साध्या कृतीने संपली. ही कृती १८९७ मध्येही करता आली असती. तिला लागणारी एकही वस्तू त्या वेळी दुर्मीळ नव्हती.

याच्या जोडीला शीव, वडाळा, परळ, वरळी या तेव्हाच्या गावठाणांत आणि शहरात हजारो मेलेले उंदीर ठिकाण व तारखेसह तपासले गेले. क्रम असा दिसला : आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत साथ, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. १९०६ पासून हे सगळे ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये तक्त्यांसह छापले जाऊ लागले. निष्कर्ष असा, की गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला थेट होत नाही. तो उंदरांचा रोग आहे; माणूस त्यात आडवाटेने सापडतो.

फुप्फुसाचा प्लेग वेगळा. तो श्वासातून पसरतो आणि तिथे रुग्णाला दूर ठेवणेच योग्य. पण पुण्या-मुंबईत बहुतांश रुग्ण गाठीच्या प्लेगचे होते. म्हणजे फलाटावर ज्यांची अंगे चाचपली, त्यांच्यापासून इतरांना फारसा धोका नव्हता. त्यांच्या गाठोड्यातल्या चिंधीत किंवा धान्यात लपलेली पिसू मात्र कुणी शोधली नाही. आणि उंदीर पडताच घर सोडून माळावर जाणारे अडाणी म्हटले गेलेले लोक, कारण माहीत नसताना, अगदी योग्य गोष्ट करत होते. उपाशी पिसवा मागे ठेवून ते निघून जात होते.

पुढचा ‘का’

इथेही प्रश्न संपला नाही. पिसू जंतू पोचवते हे कळले, पण कसा? ती रक्त आत ओढते, बाहेर टाकत नाही. १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी लंडनला दाखवले, की पिसवेच्या अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या झडपेत जंतूंचा गठ्ठा साठून वाट बुजते. उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते, रक्त गठ्ठ्यावर आपटते आणि जंतूंसकट जखमेत परतते. आणखी नव्वद वर्षांनी, काही जातींच्या पिसवा वाट बुजण्याआधीच रोग पसरवू शकतात हे दिसून आले. चौदाव्या शतकातल्या युरोपच्या महामारीत उंदराची पिसू किती कारणीभूत होती आणि माणसाच्या अंगावरच्या पिसवा-उवा किती, हा वाद तर आजही चालू आहे. त्यामुळे परळचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो कुठवर लागू होतो, त्या सीमा अधिक रेखीव होतात.

ज्ञान झाले म्हणून प्लेग लगेच थांबलाही नाही. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात सुमारे १३ लाख माणसे प्लेगने मेली. उंदीर मारायला, घरे बदलायला, धान्याच्या वखारी वस्तीबाहेर न्यायला पैसा आणि इच्छा लागते. ती कोणताही आयोग आपल्या अहवालातून देऊ शकत नाही. पण कुठे पाहायचे हे आता ठरले होते. नजर माणसाच्या काखेवरून उतरून त्याच्या घराच्या छपराकडे गेली.

दोन आयोगांमध्ये सात वर्षांचे अंतर होते. पहिल्यातली माणसे दुसऱ्यातल्यांपेक्षा कमी हुशार नव्हती, कमी प्रामाणिकही नव्हती. दोघांपुढे एकच साथ होती आणि सिमोंचा एकच निबंध होता. पहिल्याने तो निबंध मत म्हणून वाचला आणि आपल्या मताशी ताडून पाहिला. दुसऱ्याने तो कृती म्हणून वाचला, आणि ती कृती शंभर वेळा अशी केली, की तिचे उत्तर ‘नाही’ येऊ शकेल. पिसवा नसतानाही प्राणी मेले असते, दोन फुटांवरच्या पिंजऱ्यातही प्लेग पोचला असता, तर पिसवेचा तर्क तिथेच संपला असता. तशी सोय त्यांनी स्वतःहून करून ठेवली होती. विज्ञानाची पद्धत सुरू होते ती जुळत नसलेल्या एखाद्या बारीक गोष्टीपाशी, टाचणीच्या डोक्याएवढ्या फोडापाशी. ती पुढे जाते ती अशा सोयी करत करत.

परळची ती वास्तू अजून उभी आहे. १९२५ पासून तिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. सहा खोल्यांत मेलेल्या गिनीपिगांचा आणि चाळीच्या गॅलरीत बसून स्वतःच्या अंगावरच्या तीस पिसवा पकडून देणाऱ्या माणसांचा तिथे कुठे शिलालेख नाही. त्यांची साक्ष तेवढी छापलेल्या तक्त्यांत आहे, तारखांसकट.